नऊ टोपल्यांचं उद्यान

यंदा थंडी मंगळवारी आली. सोमवारपर्यंत पंखा एकवर सुरू होता, दुपारी लोक उन्हाला शिव्या घालत होते, आणि मंगळवारी सकाळी दुधाची पिशवी घ्यायला दार उघडलं तर गारवा सरळ अंगावर आला. नागपूरची थंडी अशीच येते, न सांगता, रात्रीतून. मग सीताबर्डीला स्वेटरवाल्यांच्या रांगा लागतात, ठेल्यांवर संत्र्यांचे ढीग चढतात, भाजीबाजारात भरताची वांगी दिसू लागतात, आणि ज्याला त्याला सकाळी उठून फिरायला जायचा हुरूप येतो. माणसं या दिवसांत खूश असतात. मी नसते. गेल्या हिवाळ्यापासून ही थंडी आली की माझं डोकं फिरतं.

कारण थंडी आली की पाय उद्यानाकडे वळतात, आणि उद्यानात गेलं की त्या नऊ टोपल्या दिसतात.

आमच्या लेआउटच्या, म्हणजे वसाहतीच्या, मागे मोठं सार्वजनिक उद्यान आहे. चार वर्षांपूर्वी त्याचं नूतनीकरण झालं. चालायचा ट्रॅक, व्यायामाची लोखंडी यंत्रं, घसरगुंड्या हे तर आता सगळीकडे असतं. आमच्याकडे कोणाच्या तरी डोक्यातून डिस्क गोल्फ निघालं. म्हणजे काय केलं, तर उद्यानभर नऊ ठिकाणी खांब रोवले. खांबाच्या डोक्यावरून साखळ्या लोंबतात आणि त्यांच्या खाली जाळीची टोपली. लांबच्या चौथऱ्यावरून प्लास्टिकची चकती फेकायची, ती जिथं पडेल तिथून परत फेकायची, आणि होईल तितक्या कमी फेकींत टोपलीत घालायची. साखळ्या चकतीला अडवतात आणि ती खाली पडते. पहिलीपासून नवव्या टोपलीपर्यंत गेलं की खेळ पुरा. हे सगळं समजावणारा एक फलकही लावला होता. सहा महिन्यांत त्यावर ट्यूशन क्लासच्या जाहिराती चिकटल्या. चकत्या मिळतात कुठं, हे फलकावरही नव्हतं. तेव्हा खेळ काही सुरू झाला नाही. टोपल्या मात्र उभ्या राहिल्या, आणि त्यांचं काय करायचं ते लोकांनी आपापल्या परीनं ठरवून टाकलं.

पहिलीत योगासनवाले स्वेटर ठेवतात. तिसरीवर दोरी बांधून कोणी तरी आपलं कुत्रं उभं करतं. चौथीत एका भल्या माणसानं पाखरांसाठी पाण्याचं मातीचं भांडं ठेवलं आहे. पाचवी म्हणजे क्रिकेटवाल्या पोरांचे स्टंप. आणि सातवी आहे मारुतीच्या छोट्या देवळाशेजारी, पिंपळाखाली. देवळाशेजारी जाळीचं काही उभं दिसलं, की ते निर्माल्यासाठीच असणार, अशी आपली खात्रीच असते. नदीत फुलं टाकू नका, निर्माल्य वेगळं ठेवा, हे इतकी वर्षं ऐकून ऐकून आपण शहाणे झालो आहोत. सातव्या टोपलीत शेवंती, झेंडू, दूर्वा, बेलाची पानं. मार्गशीर्षातल्या गुरुवारांची पूजा दुसऱ्या दिवशी उचलतात, म्हणून शुक्रवारी सकाळी ती टोपली अशी भरते, की आंब्याचे डहाळे साखळ्यांतून वर डोकावतात.

खरं सांगून टाकते. त्या टोपलीत पहिल्यांदा निर्माल्य टाकणाऱ्यांत मी एक होते. टाकून हात जोडले होते, आणि घरी येऊन यजमानांना म्हटलंही होतं, की उद्यानवाल्यांनी एक काम तरी शहाणपणाचं केलं.

मी महाल भागातल्या एका शाळेत तीस वर्षं पी.टी. शिकवली. निवृत्त होऊन आता तीन वर्षं झाली. शिट्टी कपाटात गेली, आवाज गेला नाही. उद्यानात कोणी पाठीला पोक काढून चालताना दिसलं की माझ्या तोंडून 'खांदे मागे!' निघून जातं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते मला पाहूनच म्हटलं असावं. त्यातून माझा स्वतःचा खेळ थाळीफेक. माहेर खाप्याचं. तिथल्या शाळेच्या मैदानावर, कन्हान नदीकडून येणाऱ्या वाऱ्यात, मी फ्रॉकच्या वयापासून थाळी फेकली. लाकडाची, पितळी मध्याची, एक किलोची थाळी. हाताचा तळवा खाली, बोटांच्या शेवटच्या पेरांवर तिचं वजन, मग दीड गिरकी, आणि ती सुटते तेव्हा पहिल्या बोटाला जो एक चटका बसतो, तो या वयातही मला झोपेत कधी कधी बसतो.

माझी मुलगी शलाका माझ्याहून चांगली फेकायची. हे आईचं कौतुक नव्हे, पी.टी.च्या मॅडमचं मत आहे. आणि तिनं सतराव्या वर्षी थाळी खाली ठेवली ती ठेवलीच.

गेल्या हिवाळ्यात ती पुण्याहून सहा आठवडे घरी आली. जुनी नोकरी सोडली होती, नवी फेब्रुवारीत लागायची होती. येताना बॅगेत तीन चकत्या. तिकडे म्हणे कोणाच्या नादानं शिकली. मी चकती हातात घेऊन पाहिली. पोह्याच्या ताटलीएवढंही वजन नाही.

"हे काय वं? याच्यावर तं मी पोहे वाढीन," मी म्हटलं.

"आई, तुमच्या त्या उद्यानात कोर्स आहे. आख्खा नऊ टोपल्यांचा! तुम्हांला कोणालाच माहीत नाही?"

"टोपल्या माहीत आहेत न. सातवीत फुलं टाकतो आम्ही."

ती कपाळाला हात लावून इतकी हसली, की मीही हसले. घरात तिचं असं हसणं मी कितीतरी दिवसांनी ऐकलं होतं. दुसऱ्या सकाळी सहा वाजता तिनं माझ्या अंगावरची रजई ओढली आणि म्हणाली, चल.

त्या सकाळच्या गवतावर इतकं दव होतं, की पन्नास पावलांत मोजे ओले झाले. कडुलिंबाच्या वाळक्या पानांचा ढीग माळ्यानं पेटवला होता, त्याचा धूर वर न जाता कमरेइतक्या उंचीवर आडवा पसरला होता. शलाकानं पहिल्या चौथऱ्यावर उभं राहून हात छातीवरून आडवा ओढला आणि चकती सोडली. ती जमिनीला समांतर, धुराच्या वरून, कोणी हातानं नेऊन ठेवावी तशी गेली आणि साखळ्यांत खळकन शिरली. टोपलीत योगासनवाल्यांचे स्वेटर होते, त्यांवर ती जाऊन बसली. मग मी. तीस वर्षं मुलांना फेक शिकवलेली मी. पाय रोवले, कंबर फिरवली, सगळी ताकद लावली. चकती सुटली, निम्म्यात डावीकडे वळली, कुंपणावरून गेली आणि रस्त्यावर उभ्या असलेल्या ऑटोच्या टपावर पडली.

"वारा आहे," मी म्हटलं.

"आई, पान हलत नाहीये."

नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय! तीस वर्षांत मी हजार पोरांना हे ऐकवलं असेल. पण त्या सहा आठवड्यांत माझी एक चकती सरळ गेली असेल तर शपथ. ताकद लावली की वळते, नाही लावली की पायाशी पडते. शलाका सांगायची, 'आई, जोर नको लावू, नुसती सोड.' नुसती सोड म्हणजे काय करायचं, ते मला आयुष्यात कोणी शिकवलं नाही. उलट तिची फेक उत्तम जात होती आणि मी प्रत्येक फेकीनंतर तिला सांगत होते, की कोपर वर राहिलं, मागचा पाय उशिरा आला. ओठ मिटून पुढच्या चौथऱ्याकडे चालू लागायची, आणि मग मला माझाच राग यायचा.

एकदा तिसऱ्या टोपलीजवळ मी म्हटलं, "पाय चौथऱ्याच्या बाहेर गेला तुझा. फेक बाद."

ती वळली. म्हणाली, "या खेळात पंच नसतो, आई. आपला फाउल ज्याचा त्यानं सांगायचा असतो."

शब्द साधेच होते. पण ती ज्या तऱ्हेनं माझ्याकडे पाहत होती, तसं तिनं माझ्याकडे आयुष्यात एकदाच पाहिलं होतं.

तेही थंडीचेच दिवस होते. शालेय स्पर्धा आपल्याकडे याच दिवसांत होतात, आणि तिथं पंच म्हणजे दुसरे तिसरे कोणी नसून शाळाशाळांचे पी.टी.चे मास्तर आणि मॅडम. ज्याची मुलं भालाफेकीला, त्यानं लांब उडीला उभं राहायचं, एवढाच काय तो संकेत. त्या दिवशी थाळीफेकीच्या वर्तुळावरचे सर आलेच नाहीत. संयोजक म्हणाले, मॅडम, थाळीतलं तुमच्याइतकं कळणारं आहे कोण इथं! मी नाही म्हणायला हवं होतं. माझी मुलगी उतरतेय, एवढं एक वाक्य. पण मला मान मिळाला होता आणि तो मला सोडवेना. वर्तुळावरच्या पंचाचं काम सोपं असतं. त्यानं थाळीकडे बघायचंच नाही. फक्त पाय बघायचे. वर्तुळाच्या लोखंडी पट्ट्याला पाय लागला तर लाल झेंडी, नाही लागला तर पांढरी.

शलाकाची तिसरी फेक होती, शेवटची. मागं दुसऱ्या शाळेचे एक मास्तर कोणाला तरी म्हणत होते, "आता काय जी, मुलगी बी त्यांचीच अन् झेंडी बी त्यांचीच." मला ऐकू येईल एवढ्या मोठ्यानं म्हणत होते. शलाका वर्तुळात फिरली, थाळी सुटली, आणि ती अशी सुटली, की तोवर मी तसं काही पाहिलं नव्हतं. उन्हात ती एकदा चमकली आणि उतरायचं नावच घेईना. ती पडली तिथं मोजायच्या टेपवाल्या पोरांना मागं पळावं लागलं. मग सगळं मैदान माझ्याकडे बघायला लागलं. दोन्ही झेंड्या माझ्या हातात होत्या. मी लाल वर केली.

"नाही लागला! आई, पाय नाही लागला!" ती सगळ्या मैदानासमोर ओरडली. मग रडली. ती फेक मोजलीच गेली नाही आणि तिची निवड हुकली. तिचे बाबा माझ्याशी आठ दिवस बोलले नाहीत. नवव्या दिवशी बोलले ते एवढंच, की 'न्याय करायला घरचंच लेकरू सापडलं का तुले?' आणि शलाकानं थाळी पुन्हा हातात धरली नाही. का सोडलीस, असं मी कितीदा विचारलं. 'मन नाही' एवढंच उत्तर. आपलेच दात, आपलेच ओठ. शाळेत मात्र माझं नाव झालं. स्वतःच्या मुलीलाही सोडलं नाही, असं मुख्याध्यापकांनी माझ्या निरोप समारंभातही सांगितलं. टाळ्या वाजल्या. मी मान खाली घालून बसले होते, आणि लोकांना तो विनय वाटला.

कारण तिचा पाय मी पाहिलाच नव्हता. मी थाळीकडे बघत होते. इतकी देखणी फेक, माझ्या पोरीची, आणि मी वर्तुळ सोडून आभाळात बघत राहिले. मग एकदम सगळे माझ्याकडे बघायला लागले, मागच्या मास्तरांचं ते वाक्य कानात होतं, आणि पांढरी झेंडी वर करायची मला भीती वाटली. एवढंच ते.

हे तिला सांगायचं, असं मी गेल्या हिवाळ्यात ठरवलं. पंच नसतो म्हणाली त्याच दिवशी ठरवलं. घरात जमलं नसतं. घरात तिचे बाबा, टीव्ही, कुकरच्या शिट्ट्या. उद्यानात मात्र दोन टोपल्यांच्या मध्ये आम्ही दोघीच चालत असायचो, हातात एकेक संत्रं, सोलून अर्धं तिला अर्धं मला. तिथं बोलणं सोपं जाईल असं वाटलं. आणि मग त्या उद्यानानं माझा असा अंत पाहिला, की विचारू नका.

पहिल्यांदा पाचव्या टोपलीपाशी मी 'शलाका, त्या दिवशी मैदानावर' एवढं म्हटलं, तोवर क्रिकेटवाल्या पोरांचा चेंडू माझ्या पोटरीवर बसला. वर तीच पोरं ओरडली, "ओ काकू, पिचवरून काहून चालून राहिल्या!" मी त्यांना क्रीडांगणावरच्या शिस्तीवर पंधरा मिनिटं ऐकवलं. पोरांनी ऐकून घेतलं आणि माझी पाठ वळताच परत त्याच टोपलीसमोर स्टान्स घेतला. पालथ्या घड्यावर पाणी. शलाका तेवढ्यात घरी निघून गेली होती, तिचा कुठलासा कॉल होता.

दुसऱ्यांदा सहावीकडे जाताना. मी म्हटलं, "तुले काही सांगाचं होतं." ती थांबली. माझ्याकडे वळून उभी राहिली. तोंड उघडणार, तोच झाडीपलीकडे हास्य क्लबचे पंचवीस लोक दोन्ही हात वर करून एकदम हा हा हा करून हसले. एकदा नाही, तीनदा. शलाकाला हसू आवरेना. ती डोळे पुसत म्हणाली, "हं, बोल." आता त्यावर काय बोलणार, कपाळ! मी म्हटलं, तुरीच्या शेंगा आणल्या आहेत, संध्याकाळी उकडू. हे सांगायला मी तिला थांबवलं होतं, असं ती धरून चालली. त्या शेंगा तिनं आवडीनं खाल्ल्या आणि माझ्या घशाखाली उतरल्या नाहीत.

तिसऱ्यांदा सातव्या टोपलीपाशी, शुक्रवारी. मी रात्रभर वाक्यं जुळवली होती. पण शलाकानं आधी फेक घेतली, आणि चकती बरोबर जाऊन निर्माल्यात पडली. पाकळ्या उडाल्या. देवळातून वैरागडे काकू बाहेर आल्या. त्या आमच्याच लेआउटमधल्या, भिशीत माझ्यासोबत असतात.

"माय वं! देवाच्या फुलावर ताटली काहून मारून राहिल्या? मॅडम, तुम्ही तं शिकलेल्या हा न!"

"काकू, ही टोपली खेळाची आहे. निर्माल्याची नाही," मी म्हटलं.

"खेळाची? अन् मागच्या साली तुम्हीच तं मले दाखवली, की इथं टाकत जा म्हणून!"

झालं. मी गप्प बसायचं सोडून वाद घालत बसले. नियम सांगितला, फलक दाखवायला गेले, फलकावर दहावीच्या गणिताची जाहिरात. चार बायका जमल्या. कोणी म्हणालं खेळाले उद्यान काय कमी आहे, कोणी म्हणालं मारुतीसमोर तरी नको. मी घसा फोडून सांगत होते, की चूक ती चूक, मग ती आपली का असेना. हे वाक्य मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. शलाकानं चकती फुलांतून अलगद काढली, कपाळाला लावली, काकूंना 'सॉरी काकू' म्हटलं आणि एकटीच फाटकाकडे चालू लागली. तिला गाठायला मला पळावं लागलं, आणि गाठल्यावर दम एवढा लागला होता, की बोलताच येईना.

सहा आठवड्यांत आम्ही सातवीच्या पुढं एकदाही गेलो नाही. फेब्रुवारीत ती पुण्याला गेली. मला एक चकती ठेवून गेली. उन्हाळाभर, पावसाळाभर मी त्या चकतीवर राग काढला. पंचेचाळीस अंशांत उद्यानात कुत्रंही फिरकत नाही, तेव्हा रस्ता मोकळा असायचा, पण तेव्हा शलाका नव्हती. फोनवर सांगावं तर ती 'जेवलीस का' विचारायची, मी 'हो' म्हणायचे, आणि पुढं सगळं वांगी-कांद्यावर जायचं. उद्यानावर मी चिडत होते. पोरांवर, हास्य क्लबवर, वैरागडे काकूंवर. संध्याकाळी यजमानांसमोर त्या सगळ्यांचा उद्धार करायचा हा माझा कार्यक्रमच झाला होता. ते एकदा पेपर खाली ठेवून म्हणाले, "टोपल्या काढून टाका म्हणून अर्ज दे न मग." मी त्यांच्यावरही चिडले. अर्ज मात्र दिला नाही.

यंदा थंडी आल्यावर तिसऱ्याच दिवशी शलाका आली, नात्यातल्या एका लग्नाला म्हणून, तीन दिवसांसाठी. गेल्या शुक्रवारी आम्ही गेलो. तेच दव, तोच धूर, पहिलीत तेच स्वेटर. पाचवीवर पोरांचा चेंडू, सहावीवर हा हा हा. सातवी काठोकाठ भरलेली. शलाका म्हणाली, "सोडून देऊ. थेट आठवीला जाऊ."

आठवी टोपली पंपाच्या खोलीमागे आहे. तिथं ट्रॅक जात नाही, बाक नाही, देऊळ नाही. कोणाला तिची गरजच पडलेली नाही. नुसतं गवत, एक रिकामी टाकी आणि तो खांब. साखळ्या नव्या कोऱ्या. इतकं शांत होतं, की माझ्या ओल्या मोज्यांचा आवाज मला येत होता. मी कान देऊन उभी राहिले. चेंडू येईना, हसू येईना, कोणी काकू येईना. म्हणजे आता मला अडवायला कोणीच नव्हतं, आणि तरीही तोंड उघडेना. वर्षभर मी साऱ्या उद्यानाला शिव्या घालत होते त्या कशासाठी, ते मला तिथं कळलं आणि स्वतःची लाज वाटली.

"शलाका," मी म्हटलं, "तुझा पाय मी पाहिलाच नाही त्या दिवशी. मी थाळी पाहून राहिली होती. लागला का नाही लागला, मले आजही माहीत नाही. लोक काय म्हणतील म्हणून लाल वर केली."

ती चौथऱ्यावर चकती घेऊन उभी होती. हात खाली आला.

"लागला होता," ती म्हणाली.

"काय?"

"पाय. उजव्या पायाचा अंगठा. पट्ट्यावर नीट लागला होता. मला तेव्हाच कळलं."

"मग नाही लागला म्हणून येवढी रडली काहून?"

"सतरा वर्षांची होते गं. तोंडातून निघून गेलं. मग बाबा तुझ्याशी बोलेनात, शाळेतल्या सगळ्या मुली माझ्या बाजूनं. आता कुठल्या तोंडानं सांगणार, की आई बरोबर होती? रोज तुझ्याशेजारी मैदानात उभं राहायचं आणि ते पोटात ठेवायचं, मला नाही जमलं. म्हणून सोडलं."

मला त्या क्षणी काय झालं असेल? हायसं वाटायला हवं होतं. राग आला. असा राग आला, की हातातली चकती मोडावीशी वाटली. बारा वर्षं! एक तप! त्या पोरीचा तो खांदा, ती गिरकी, सगळं मातीत गेलं, कारण घरात दोन बायका आपापल्या जागी तोंड शिवून बसल्या होत्या. मी माफी मागायला बारा वर्षं लावली, आणि मागितली तर ती माफी ठेवायला जागाच नाही.

शलाका मात्र हसायला लागली होती. आधी हळू, मग पोट धरून. तिचे डोळे भरून आले होते आणि ती हसत होती. माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाली, "म्हणजे बघ ना आई, झेंडी बरोबरच होती! न बघता बरोबर! सुटलो आपण दोघी."

तेवढ्यावर सोडता आलं असतं. ती खूश होती. थंडीचं ऊन टाकीवर पडायला लागलं होतं, नववी टोपली समोर दिसत होती, आणि माझी पोर बारा वर्षांनी माझ्या गळ्यात हात टाकून उभी होती. मी गप्प बसले असते तर कोणाचं काय जाणार होतं?

"शलाका," मी म्हटलं, "तुझा पाय लागला नसता, तरी मी लालच वर केली असती."

ती हसायची थांबली.